पेडल काय सांगत होतं: १९६६ च्या एका मस्टँगचे ब्रेक आणि सस्पेन्शन

पार्श्वभूमी

हे प्रकरण डेट्रॉईटच्या उपनगरात राहणाऱ्या एका सांगलीकराचं. नाव देत नाही, इथे त्याला नुसतं ‘मित्र’ म्हणू. नोकरी सॉफ्टवेअरची, पण शनिवार-रविवार गॅरेजात आणि नखं कायम काळी. मी बरीच वर्षं ब्रेकच्या चाचण्यांच्या कामात काढली आहेत. त्यामुळे त्याच्या गाडीबद्दलचा फोन मला यायचाच. फक्त तो एक दिवस उशिरा आला.

गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग, हार्डटॉप कूपे. इंजिन २८९ घनइंचांचं व्ही-८, म्हणजे ४.७ लिटर. चार गिअर, हाताने टाकायचे. पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेकला बूस्टर नाही, म्हणजे पायाचा जोर वाढवणारं काही नाही. जाणकार लोक मस्टँगला मसल कार म्हणू देत नाहीत. त्यांच्या मते ती पोनी कार, म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी, आणि मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या अंगात कोंबलेलं दांडगं इंजिन. वाद खरा आहे, पण रस्त्यावरचा माणूस दोन्हींना मसल कारच म्हणतो. ब्रेकचं दुखणंही दोघींचं एकच: पळायची ताकद भरपूर, थांबायची बेताची.

कंपनीतून ही गाडी चारही चाकांना १० इंची ड्रम घेऊन निघाली होती. आधीच्या कुठल्यातरी मालकाने पुढचे ड्रम काढून त्याच काळातल्या फोर्डच्या चार पिस्टनांच्या डिस्क बसवल्या होत्या. विकणाऱ्याने ‘डिस्क ब्रेक आहेत’ एवढंच सांगितलं, आणि मित्रानेही तेवढंच ऐकलं. डिस्क बसवताना बाकीच्या यंत्रणेचं काय केलं, हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही. या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू हाच, आणि तो गाडी घेण्याच्या दिवशीच निसटला.

वर्षभर गाडी रविवारच्या फेरफटक्याला आणि महाराष्ट्र मंडळाच्या सहलीला फिरली. ब्रेकबद्दल तक्रार नव्हती. मग कोणीतरी ट्रॅक-डेचं नाव काढलं.

अडचण

दक्षिण-पश्चिम मिशिगनमध्ये साउथ हेवनजवळ जिंजरमन रेसवे आहे. साधारण दोन मैलांचा, ११ वळणांचा. वळणांच्या बाहेर मोकळं गवत भरपूर, म्हणून नवख्यांना तिथे पाठवतात. ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे. वीस-वीस मिनिटांचे सेशन असतात, शेजारी शिकवणारा बसतो, नवख्यांच्या गटात वेळ मोजायला मनाई. मे महिन्यातल्या त्या दिवशी मित्राचे तीन सेशन झाले आणि तिन्हींत ‘ब्रेक गेले’. फोनवर त्याने मला हेच शब्द सांगितले.

“गेले म्हणजे काय झालं?”

“अरे गेले म्हणजे गेले. शेवटी गवतात गेलो.”

मी त्याला प्रत्येक सेशन वेगळा आठवायला लावला. पेडल कडक होतं की मऊ? एका दाबात धरलं की दोन? अर्धा तास खोदल्यावर जे बाहेर आलं ते असं.

पहिल्या सेशनमध्ये तीन फेऱ्या ठीक गेल्या. चौथ्या फेरीत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी पेडल होतं तिथेच, दगडासारखं कडक, पण गाडी थांबायचं नाव घेईना. जळका वास आला. दोन फेऱ्या हळू मारल्यावर ब्रेक परत आले.

दुसऱ्या सेशनमध्ये वेगळंच. जोरदार वळण संपून पुढचा ब्रेक मारला की एक-दोनदा पेडल नेहमीपेक्षा बोटभर खाली गेलं, आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर जागेवर आलं. हे त्याने जवळजवळ विसरूनच टाकलं होतं.

तिसऱ्या सेशनमध्ये पेडल फेरीगणिक मऊ होत गेलं, स्पंजावर पाय ठेवल्यासारखं. सातव्या फेरीत ते फळीला टेकलं. गाडी गवतात गेली, फिरून थांबली. कोणाला काही झालं नाही. पुढच्या ग्रिलमध्ये अडकलेलं गवत तेवढं घरापर्यंत आलं.

ही तीन वेगळी दुखणी आहेत. पेडल कडक आणि गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून त्याची पकड गेली. पेडल मऊ होऊन खाली गेलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं आणि नळीत वाफेचे बुडबुडे झाले. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. आणि पहिल्या दाबाला पेडल खाली पण दुसऱ्याला ठीक, म्हणजे वळणात डिस्क डुगडुगली आणि तिने पिस्टन मागे ढकलले. पहिला दाब नुसती ती फट भरण्यात खर्च होतो. मित्राने या तिन्हींना मिळून एकच नाव दिलं होतं, आणि एका नावाच्या दुखण्यावर तो एकच औषध शोधत होता.

उष्णतेचा हिशेब इथेच मांडतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. माणसासकट गाडी १४०० किलो धरा. ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर यायचं तर ब्रेकना सुमारे १०.४ लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. तीन लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत न्यायला साधारण तेवढीच लागते. इथे ती तीन सेकंदांत तयार होते, तिचा तीन-चतुर्थांश भाग पुढच्या दोन डिस्कवर पडतो, आणि दोन मिनिटांनी तेच पुन्हा. रविवारच्या फेरफटक्यात असं एकदाही घडत नाही. मित्राच्या वडिलांनी त्याला आंबा घाटात गाडी शिकवताना ‘ब्रेकवर नाही, गिअरवर उतर’ असं दटावलं होतं. ट्रॅकवर नेमकी ती सोय नसते.

तपासणी

मला फोन येईपर्यंत सहा पिस्टनवाल्या मोठ्या ब्रेकच्या किटचं पान उघडून तयार होतं. ट्रॅकवर भेटलेल्या प्रत्येकाने तेच सुचवलं होतं. मी म्हटलं, पैसे उद्याही भरता येतील. आज गाडी जॅकवर घे, पेडल दाबून सोड आणि पुढचं चाक हाताने फिरवून बघ.

चाक फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर घासत घासत अर्धा फेरा.

दुसरं चाकही तसंच. डिस्क ब्रेकचा पॅड डिस्कला किंचित चाटून जातो, ते नैसर्गिक आहे. पण चाक हाताने फिरू नये इतका नाही. कॅलिपरवरची (डिस्कला चिमटीत धरणारा, पिस्टन आणि पॅड असलेला भाग) हवा काढायची चावी जरा सैल केल्यावर तेलाची छोटी चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. म्हणजे पाय काढल्यावरही नळीत दाब कोंडून राहत होता.

संशयित दोन. जुने रबरी होज आतून फुगतात, तेलाला कॅलिपरकडे जाऊ देतात आणि परत येऊ देत नाहीत. किंवा दोष वर मास्टर सिलेंडरमध्ये, म्हणजे पेडलचा जोर तेलावर देणाऱ्या पंपात. दोन्ही चाकं सारखीच चिकटतात म्हटल्यावर माझा कल मास्टरकडे होता, पण कलावर सुटे भाग विकत घेऊ नयेत. पुन्हा पेडल दाबलं, सोडलं, आणि या वेळी खाली काही न उघडता मास्टरजवळचा नळीचा नट सैल केला. दोन्ही चाकं एकदम सुटली. होज निर्दोष निघाले.

आधीच्या मालकाने डिस्क बसवल्या, पण मास्टर सिलेंडर ड्रमचाच ठेवला होता. ड्रमच्या मास्टरच्या तोंडाशी एक छोटी झडप असते, ती नळीत साधारण १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब मुद्दाम धरून ठेवते. ड्रमचे शू (ड्रमला आतून घासणारे तुकडे) परत खेचायला जोरदार स्प्रिंगा असतात, त्यांना एवढ्या दाबाने काही होत नाही. डिस्कला असली स्प्रिंग नसते. तिथे तेवढा दाब म्हणजे कोणीतरी सतत पेडलवर अंगठा ठेवून बसल्यासारखं. सरळ पट्ट्यावर, जिथे डिस्क गार व्हायला हवी, तिथेही ती तापत होती.

त्याच दुपारी आणखी एक गोष्ट दिसली. खरं तर ती गाडी घेतल्यापासून समोरच होती. मास्टर एकाच खान्याचा होता. चारही चाकांना एकच तेल, एकच वाट, म्हणजे एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. फोर्डने मस्टँगला दोन खान्यांचा मास्टर १९६७ पासून दिला. या गाडीने सगळा दिवस ट्रॅकवर काढला तो एका नळीच्या भरवशावर. डब्यातलं तेल चहाच्या रंगाचं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मोठ्या किटचा. दोन-अडीच हजार डॉलर, वर १७ इंची चाकं आणि त्यांचे टायर. गाडीचं रूप बदलणार, शिवाय त्या किटलाही जुन्या मास्टरचा कोंडलेला दाब मिळणार तो मिळणारच. मोठी डिस्क उशिरा तापली असती, एवढाच फरक.

दुसरा पर्याय हौशी लोकांमध्ये जुना आणि प्रसिद्ध: सत्तरच्या दशकातल्या फोर्ड ग्रॅनाडाचे पुढचे स्पिंडल (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि ११ इंची डिस्क उचलून बसवायच्या. स्वस्त आणि दणकट. पण त्या स्पिंडलवर स्टिअरिंगच्या दांड्याची जागा वेगळी पडते, आणि खड्ड्यात चाक वर गेलं की ते आपोआप वळू लागतं. ट्रॅकवर हे नको.

तिसरा पर्याय, आहे तेच नीट करायचं. ऐकायला मिळमिळीत. ट्रॅकवर मिरवायला यात काही नाही.

मित्राने तिसरा निवडला, त्याचं श्रेय मी घेत नाही. चाक हाताने फिरलं नाही ते त्याने स्वतः पाहिलं होतं, मग किटचं पान आपोआप बंद झालं.

सस्पेन्शनचाही प्रश्न त्याच बैठकीत निघाला. पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावरचं रबर गुंडाळून आलं होतं, आतली बाजू कोरी. या पिढीच्या मस्टँगला पुढे स्प्रिंग असते ती चाक धरणाऱ्या वरच्या दांड्यावर, म्हणजे आर्मवर, उभी, आणि वळणात गाडी कलली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर कलतं. टायर खांद्यावर धावतो.

यावरचा उतारा साठीच्या दशकातलाच आहे. क्लाउस आर्निंग हे फोर्डचे सस्पेन्शन अभियंता. वरच्या आर्मचा आतला बिजागर एक इंच खाली घेतला की चाक वर उचललं जाताना त्याचा माथा आत झुकतो आणि टायर सपाट टेकून राहतो, ही मांडणी त्यांची. मस्टँगची शर्यतीची आवृत्ती बनवणाऱ्या कॅरोल शेल्बी यांच्या १९६५ च्या जीटी-३५० वर ती होती. १९६६ मध्ये खर्च वाचवायला पुढच्या गाड्यांवरून ती काढून टाकली गेली. लोक तिला ‘शेल्बी ड्रॉप’ म्हणतात. आर्निंग यांचं नाव फारसं कोणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतलं. खर्च जवळजवळ शून्य: एक साचा, चार भोकं आणि पुरेसा धीर. याउलट, पुढचे स्प्रिंगचे मनोरे कापून नवी चौकट वेल्ड करणारी किटंही मिळतात. मित्राने ती एका वाक्यात बाद केली. साठ वर्षं टिकलेलं पत्र्याचं अंग आपण कापायचं नाही.

जून: ब्रेकचं काम

मास्टर दोन खान्यांचा घेतला, पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशा जोडीसाठी बनवलेला. बूस्टर नसल्यामुळे सिलेंडरचा व्यास किती घ्यायचा हा खरा प्रश्न. एक इंच, की पंधरा-सोळांश? लहान व्यासात पायाच्या त्याच जोराला सुमारे १४ टक्के जास्त दाब मिळतो, पण पेडल तेवढंच जास्त खाली जातं. नुकतंच पेडल फळीला टेकलेलं पाहिलेल्या माणसाला खाली जाणारं पेडल नकोच होतं. त्याने एक इंच घेतला. मी अडवलं नाही. भीतीपोटी घेतलेला निर्णय होता, तरी चुकीचा नव्हता.

मागच्या चाकांच्या वाटेवर दाब कमी-जास्त करणारी फिरकीची झडप बसवली. नव्या लोखंडी नळ्या वाकवून त्यांची तोंडं दुहेरी दुमडावी लागतात. त्यातली दोन गळाली आणि पुन्हा केली. एक अख्खा शनिवार त्यातच गेला. रबरी होज निर्दोष होते, तरी वयाचा मान राखून बदलले. तेल रेसिंगचं भरलं, ज्याचा कोरा उत्कलनबिंदू ३०० अंश सेल्सियसच्या वर आहे. साध्या डॉट ३ दर्जाच्या ब्रेक तेलाची कोरी मर्यादा २०५ अंश, आणि तेलाने हवेतला ओलावा प्यायला की तीच १४० वर येते. चहाच्या रंगाच्या तेलाची काय असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

पॅडवर बरीच चर्चा झाली. गाडी ट्रेलरवर नाही, स्वतःच्या चाकांवर ट्रॅकला जाते, डेट्रॉईटहून तीन तास. शर्यतीचा पॅड थंड असताना धरतच नाही. महामार्गावर पहिल्याच थांब्याला तो दगा देईल. सुदैवाने या जुन्या कॅलिपरमधून पॅड वरच्या वर काढता येतात. म्हणून दोन संच ठेवायचे ठरलं: रस्त्याचा घालून जायचं, ट्रॅकवर दुसरा घालायचा, संध्याकाळी परत बदलायचं.

मग घराभोवती चाचणी, आणि तिथे गोंधळ. चाकं आता हाताने मोकळी फिरत होती, पण गोल चौकातून बाहेर पडलं की पहिला ब्रेक बोटभर खाली. मेमध्ये एक-दोनदा झालेलं आता दर वळणानंतर होऊ लागलं. मित्र नवा मास्टर परत पाठवायला निघाला. त्याचा तर्क सरळ होता: मास्टर बदलला, मग बिघडलं, म्हणजे मास्टर बिघडलेला.

मास्टर बरोबर होता. पुढच्या हबचं बेरिंग सैल होतं. चाक वरखाली धरून हलवल्यावर टकटक जाणवत होती. जुना कोंडलेला दाब पिस्टनांना सतत पुढे रेटत होता, म्हणून डिस्कने मागे ढकललेले पिस्टन बहुतेक वेळा परत जागेवर यायचे. एका दोषाने दुसऱ्याला झाकलं होतं. बेरिंग नवीन घातलं. नट चाक फिरवत आवळायचा, सोडायचा, मग हलक्या हाताने बसवून पिन घालायची. हे काम पंचवीस मिनिटांचं. मे महिन्यात दुसऱ्या सेशनची आठवण त्याने नीट लिहून ठेवली असती, तर आम्ही जूनमध्ये आधी बेरिंगच पाहिलं असतं.

शेवटी मागच्या झडपेची जुळणी. रिकाम्या वाहनतळावर ताशी ६० वरून जोरात ब्रेक, मी बाहेर उभा, कोणतं चाक आधी जाम होतं ते पाहायला. पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी जाम व्हावीत, म्हणजे गाडी सरळ राहते. मागची आधी झाली तर मागचा भाग पुढे यायला बघतो. पाऊण तासात ते साधलं. फिरकीच्या स्थितीवर पांढऱ्या रंगाची खूण केली.

जुलै: एका आठवड्यात पाच बदल

इथे आम्ही दोघंही चुकलो.

पुढचा ट्रॅक-डे जुलैच्या मध्यावर होता. त्याआधी लागून सुट्टी आली, शेजारचे निवृत्त मेकॅनिक त्यांचं स्प्रिंग दाबायचं हत्यार घेऊन हजर झाले, आणि उत्साहात सगळंच उरकलं. या गाडीची पुढची स्प्रिंग दाबणं हे गंमतीचं काम नाही, सुटली तर हाड मोडते. म्हणून एकदा उघडलंय तर सगळं करून टाकू, हा विचार समजण्यासारखा आहे. आर्निंग यांची एक इंचाची भोकं पाडली. पुढे ६०० पौंड प्रति इंचाच्या आसपासच्या जाड स्प्रिंगा घातल्या. आकडा ऐकून घाबरू नये. स्प्रिंग वरच्या आर्मच्या मध्यावर बसत असल्यामुळे चाकाशी पोचताना तो साधारण चौथाई उरतो. एक इंच जाडीचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलणं रोखणारी सळई) आला. दोन्ही मनोऱ्यांना मागच्या पत्र्याशी बांधणारा एकसंध ब्रेस आला. आणि जुने टायर काढून २०० ट्रेडवेअरचे, म्हणजे चांगलेच चिकट टायर चढवले.

अलाइनमेंट: दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत), तीन अंश कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल), तीन मिलिमीटर टो-इन (चाकांची तोंडं किंचित आत). १९६६ च्या गाडीत कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही वरच्या आर्मच्या मागे पातळ पत्र्या घालूनच जुळवतात. अलाइनमेंटच्या दुकानातला पोरगा प्रथम गोंधळला, मग खूश झाला.

ट्रॅकवर पहिला सेशन देखणा. गाडी वळणात टेकून बसत होती. दुसऱ्या सेशनच्या चौथ्या फेरीत लांब पट्ट्याच्या शेवटी ब्रेक मारला, मागून धडधड आवाज आला आणि गाडी अर्धी फिरली. पुन्हा गवत. या वेळी पेडल उत्तम होतं.

मित्राचा पहिला संशय भोकांवर. नवी स्प्रिंग, नवा बार, नवा ब्रेस, नवी भूमिती, नवे टायर: पाच बदल एकत्र, कोणाकडे बोट दाखवणार? त्याने पिटमध्ये पुढचा बार सैल करायला पाना काढला होता. तेवढ्यात शिकवणाऱ्याने मागच्या टायरवरचा चपटा डाग दाखवला. मागची चाकं जाम झाली होती.

कारण वाहनतळावरच्या पांढऱ्या खुणेत होतं. ब्रेक मारताना वजन पुढे सरकतं, आणि किती सरकतं ते टायर किती जोरात थांबवू शकतो त्यावर ठरतं. उभ्या गाडीत मागे ४५ टक्के वजन. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि चाकांमधलं अंतर २.७४ मीटर धरलं, तर जुन्या टायरवर ०.७ जीने (गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट जोराने) थांबताना मागे ३२ टक्के उरत होतं. नव्या टायरवर ०.९५ जीला ते २८ झालं. मागच्या चाकांवरचा भार आठव्या हिश्श्याने घटला, पण ब्रेकचा वाटा तोच. वर ड्रमची जात अशी की शू एकदा धरला की स्वतःलाच आणखी आत खेचतो. धडधड आवाज त्याचाच पुढचा भाग: चाक धरतं-सोडतं, मागचे पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात आणि सुटतात.

झडपेची फिरकी दीड फेरा कमी केली. तिसऱ्या सेशनला गाडी सरळ थांबली.

निष्पत्ती

सप्टेंबरच्या तिसऱ्या ट्रॅक-डेला आम्ही कॅलिपरवर तापमान दाखवणाऱ्या पट्ट्या चिकटवून गेलो. दिवसाच्या शेवटी कमाल नोंद २०४ अंशांचा ठिपका काळा, त्यापुढचा पांढरा. रेसिंगच्या तेलाला यात भरपूर वाव होता, चहाच्या रंगाच्या तेलाला नसता. पेडल पहिल्यापासून शेवटच्या सेशनपर्यंत त्याच उंचीवर राहिलं. टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा मारल्या होत्या, त्या कडेपर्यंत पुसल्या गेल्या नाहीत. म्हणजे टायर आता माथ्यावर धावत होता. गाडी गवतात गेली नाही. वेळ मोजली नाही, तेव्हा किती सेकंद सुधारले हा प्रश्नच नको.

एकूण खर्च, टायर धरून, मोठ्या किटच्या नुसत्या किमतीच्या आत बसला.

वेगळं काय करता आलं असतं

गाडी घेतानाच मास्टरच्या झाकणाखाली एक खाना आहे की दोन, हे पाहणं दहा सेकंदांचं काम होतं. ‘डिस्क आहेत’ या उत्तरानंतरचा प्रश्न ‘मग मास्टर कोणता?’ हाच असायला हवा होता. एकाच खान्याच्या मास्टरवर ट्रॅकला जाऊ नये. या एका बाबतीत माझं मत अजिबात सैल नाही.

पेडलची नोंद सेशन संपताच, हेल्मेट काढण्याआधी करायला हवी होती. मे महिन्यात आम्हाला जे अर्धा तास खोदून काढावं लागलं, ते तेव्हा तीन ओळींत मावलं असतं.

जुलैमधल्या पाच बदलांबद्दल मात्र मी स्वतःला पूर्ण दोष देत नाही. स्प्रिंग एकदा काढल्यावर भोकं, बार आणि ब्रेस एकत्र करणं शहाणपणाचंच होतं, तीनदा ते हत्यार वापरण्यात धोका जास्त. टायर तेवढे थांबवायला हवे होते. निदान टायर बदलल्यावर झडपेची खूण पुसून वाहनतळावर पुन्हा जायला हवं होतं. ब्रेकच्या चाचण्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला ते सुचलं नाही, याची टोचणी मला अजून आहे.

एक इंचाच्या मास्टरबद्दल मित्राचं मत बदललंय. चौथ्या सेशनला त्याची पोटरी भरून येते. पंधरा-सोळांशाचा घेऊन बघू म्हणतो. आता बेरिंग घट्ट आहे, तेल ताजं आहे, पेडल थोडं जास्त खाली गेलं तर भ्यायचं कारण नाही.

मागची धडधड पूर्ण गेलेली नाही. घाईने खालचा गिअर टाकला की पाटे अजून पिळतात. नवे मागचे शॉकअब्सॉर्बर गॅरेजच्या फळीवर खोक्यात पडून आहेत. बर्फ वितळेपर्यंत ते तिथेच राहतील, आणि वसंतात गाडीला आधी फक्त तेच बसवू, मास्टर नंतर.